बेडकाला दिलेली खुर्चीची जागा

दुसऱ्या बेडकाचं हृदय हळू व्हायला तयार नव्हतं. मी तिसऱ्यांदा प्रयोग लावला होता. काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर ठोक्यांची रेघ आपली एका चालीने दाते काढत होती.

परीक्षक खुर्चीतून पाहत होते. मूळचे मराठी, पण हैदराबादला प्राध्यापक. दिल्लीला जाताना माझ्यासाठी पांढुर्ण्याला उतरले होते आणि संध्याकाळची गाडी धरणार होते. त्यांची सही झाली तर माझी डॉक्टरेट, आणि तिच्यावर जबलपूरची नोकरी अवलंबून होती. परत येण्याचं त्यांनी कबूल केलं नव्हतं.

परीक्षा घरात का, हे सांगायला हवं. राज्याचे नुकतेच भाग पडले होते. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा-सौसर इकडे मध्य प्रदेशात राहिलं. नागपूरच्या कॉलेजातली कोणती वस्तू कोणत्या राज्याची, हे ठरेपर्यंत लॅबला कुलूप होतं. माझ्या सरांनी आपल्या जबाबदारीवर ड्रम, बॅटरी आणि काचेचं सामान मला दिलं. ते मी आमच्या घरच्या बैठकीच्या खोलीत मांडलं. बेडूक विहिरीजवळच्या ओलीतून आणले.

विषय होता मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात. दोन पेशी चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरीला निरोप पोचतो. मेंदूत हे दिसत नाही, म्हणून आधी बेडकाच्या हृदयावर दाखवायचं. मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या नसेला बॅटरीचा बारीक झटका दिला की ते हळू होतं. त्याच्याभोवतीचं मिठाचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं की, नसेला हात न लावता, तेही हळू होतं. म्हणजे निरोप त्या पाण्यातून गेला.

नागपूरला हिवाळ्यात हे दर वेळी जमलं होतं. इथे पहिलं हृदय हळू होई, दुसरं ढिम्म.

“तुमच्या नागपूरच्या रेघा खऱ्या असतील,” परीक्षक म्हणाले, “पण मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करत नाही.”

मी मिठाचं पाणी नव्याने केलं, बॅटरी तपासली. दोन्ही ठीक होती. तेवढ्यात माझी बायको सुमन पन्हं घेऊन आली. दारातच थांबून तिने आधी परीक्षकांकडे, मग टेबलाकडे पाहिलं आणि हळूच मला म्हणाली, “पाहुणे गारव्यात बसून राहिले अन् बेडूक उन्हात भाजून राहिले. त्याइले काहून शिक्षा?”

आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला की वाळ्याच्या ताटीजवळची जागा त्याची. ताटीवर पाणी मारत राहायचं, वारा गार येतो. सवयीने मी खुर्ची तिथे ठेवली होती. टेबल मात्र उजेडासाठी पश्चिमेच्या खिडकीला लावलं होतं. थर्मामीटर दोन्हीकडे धरला. फरक बारा अंशांचा निघाला.

कारण ताबडतोब कळलं. ते निरोपाचं रसायन मोडून टाकणारा एक पदार्थ हृदयातच असतो. उष्णतेत तो झपाट्याने काम करतो. निरोप वाटेतच पुसला जात होता.

आता परीक्षकांना उठवायचं कसं?

“वहिनी काय म्हणाल्या?” त्यांनीच विचारलं.

सुमनने सरळ सांगितलं, “तुम्ही उठा म्हणते, सर. तुमची जागा बेडकाले पाहिजे.”

ते पोट धरून हसले आणि त्यांनी स्वतः टेबलाचं एक टोक उचललं. दुसरं मी धरलं. सुमन ताटीवर पाणी मारू लागली.

सगळं गार होऊ दिलं. गारव्याने हृदयाची मूळ चालच थोडी मंदावते, म्हणून ती आधी नोंदवून घेतली. मग झटका दिला. पहिलं हृदय हळू झालं. त्याचं पाणी दुसऱ्यावर सोडलं. रेघेचे दाते ठेंगणे झाले, एकमेकांपासून लांब सरकले. पाणी बदललं, चाल पूर्ववत. परीक्षकांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच झालं.

खिडकीच्या झळीत उभे राहून त्यांचा सदरा भिजला होता. “बेडकाने माझी सही मिळवली,” ते म्हणाले. “पन्हं उरलंय का, वहिनी?”

गाडी त्यांना मिळाली. मला डॉक्टरेट मिळाली, पुढे जबलपूरही. तिथे मी पहिल्याच दिवशी सर्वांत गार जागा पाहून प्रयोगाचं टेबल लावलं. तिथले साहेब आले, त्यांनी आपली खुर्ची कुठे म्हणून विचारलं. मी खिडकीकडे बोट दाखवलं.

पाहुणचार जरूर करावा. मात्र त्या दिवशीचा पाहुणा कोण, हे आधी ठरवावं.