मथुराकाकीचं नळकांडं

बुरोंडीच्या वरच्या वाडीत कुणाची शेळी शिंकू लागली, की हाक मथुराकाकीला जाते. काकी येते ती बांबूचं नळकांडं घेऊन, आत तंबाखूचं पाणी. नळकांडं नाकात धरून ते सोडलं, की आत जळू असली तर मुकाट बाहेर पडते. सासूनं घालून दिलेली रीत एकच: एकीला दिलं, की वाडीतल्या सगळ्यांना द्यायचं.

यंदा तिच्याच शेळीचं, चांदरीचं, नाक गळायला लागलं. काकीनं पाणी सोडलं, जळू पडली नाही. तरी रीतीप्रमाणे ती तेच नळकांडं घेऊन घरोघरी फिरली. एकतीस शेळ्या.

पुढे चांदरी घोरू लागली, एक गाल फुगला. तेव्हा जनावरांची डॉक्टर ऋतिका आली. तिनं काकीच्या लुगड्याचा एक दोरा मागून घेतला नि चांदरीच्या उजव्या नाकपुडीसमोर धरला. दोरा श्वासानं हलला. डावीकडे धरला. लटकून राहिला.

नाकातल्या मांसाचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी ऋतिकाचा फोन.

"काकी, जळू नाही, गाठ आहे. विषाणूची. औषध नाही, उद्या इंजेक्शन देऊन सोडवू तिला. नाकातल्या पाण्यातून दुसरीला लागते ही. कुणाला तिचं नाक लागलं नाही ना?"

"नळकांडं लागलंय."

"किती जणींना?"

"एकतीस."

"गाठ लगेच दिसणार नाही. महिने जातात, कधी वर्षं. लक्ष ठेवायला हवं, म्हणजे सगळ्यांना सांगायला हवं."

पडवीतला दीर, भागोजी, फोनमधलं सगळं ऐकत होता. "कशाला सांगतेस, वैनी? जळू म्हनालीस ना, जळूच ऱ्हाऊ दे. उद्या दारात कोन उभी करनार नाय."

"आनि शेळ्या गेल्या म्हंजे?"

"तवा बघू."

"तू बघशील. हात माझा लागलाय."

नळकांडं चुलीत घालून, पदराचा दोरा ओढून काकी शेजारच्या दर्शनाकडे गेली.

"आज नुसतीच आलीस? हत्यार कुठाय?"

"शेळी बाहेर काढ. आधी ऐक, मग शिव्या दे."

दर्शनानं ऐकलं. शिवी दिली नाही. ते काकीला जड गेलं. दर्शनानं शेळीचं तोंड वर धरलं. काकीनं नाकपुडीपुढे दोरा नेला.

"हलतोय," काकी म्हणाली.

"दोरा हलतोय का तुझा हात? आन इकडे."