काटा उठला, आणि होडी बसली

आमच्या बीड जिल्ह्यात समुद्र नाही, हे मला मान्य आहे. तरी धरणाच्या पाण्यात माझी एक लाँच चालते. चालायची, म्हणू. तिच्या पोटातलं डिझेल इंजिन कोकणातल्या एका मासेमारी होडीतून भंगारात निघालेलं. ते मी ट्रकमधून घाट चढवून आणलं, तेव्हा गावाने मला वेड्यात काढलं. पुढे त्याच गावाने पलीकडच्या वस्त्यांवर जायला माझ्याच लाँचसाठी काठावर रांगा लावल्या, ते सोडा.

इंजिनाला ना सेल्फ, ना बॅटरी. दांडा मारायचा, खांदा निखळायला आला की ते धक्‌ धक्‌ करायचं. ऑइलचं प्रेशर दाखवणारं जुनं मीटर केव्हाच मेलेलं होतं. मी इंजिनावर हात ठेवून प्रेशर ओळखायचो. म्हणजे ओळखतो असं लोकांना सांगायचो.

यंदा दसऱ्यानंतर तपासणीचे साहेब आले. त्यांनी मेलेल्या मीटरवर टिचकी मारली आणि म्हणाले, "पंधरा दिवसांत ऑइल प्रेशरचा सेन्सर आणि मीटर बसवा. नाहीतर परवाना विसरा."

सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू. ती बसवायला कसली अडचण? मी बीडला जाऊन ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानातून सेन्सर, मीटर आणि एक बॅटरी आणली. इंजिनाच्या भोकाचे आटे वेगळे, सेन्सरचे वेगळे. लेथवर पितळी कनेक्टर करून घेतला. तेल गळू नये म्हणून टेप गुंडाळली. दोन वेढे पुरे म्हणतात. मी मुंडासं बांधावं तशी गुंडाळली. सेन्सरला वायर एकच. दुसरं टोक म्हणजे त्याचं स्वतःचं अंग, ते इंजिनाच्या लोखंडाला टेकलं पाहिजे. बॅटरीची निगेटिव्ह वायरही इंजिनाच्याच एका बोल्टला आवळली. दांडा मारला. इंजिन धडधडलं.

काटा शून्यावर.

ऑइल बदललं. फिल्टर बदलला. सेन्सर बदलला. बीडच्या खेपा एवढ्या झाल्या की दुकानदार मला पाहून आधीच मान हलवायला लागला. काटा शून्यावरच. बायको म्हणाली, "जेवा आधी, काटा काय पळून चालला?" पळत नव्हता, हेच तर दुखणं होतं. जेवण खरोखर जात नव्हतं. लाँच बंद झाली तर मला दुसरं काही येत नाही. दांडा मारणारा माणूस जमिनीवर कुणाच्या काय कामाचा?

तपासणीच्या आदल्या दिवशी मी चाळा म्हणून सेन्सरची वायर काढली आणि सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. काटा टुणकन शेवटाला! त्या क्षणी बिघाड माझ्यासमोर हात जोडून उभा होता. मी त्याला ओळखलं नाही. मला सुचलं ते असं, की मध्ये मोटारसायकलचा एक बारका बल्ब घातला तर काटा जरा खाली येईल. घातला. आला. छान, मीटरच्या पाऊण भागावर, पाटलासारखा बसला. बल्ब मी सीटखाली दडवला.

साहेब आले. चहा नको म्हणाले. मधल्या पाण्यापर्यंत फेरी झाली. त्यांनी काट्याकडे पाहून मान डोलावली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. काठाला लागल्यावर ते म्हणाले, "करा बंद."

मी इंजिन बंद केलं. धरणावर शांतता पसरली. काटा तसाच, मीटरच्या पाऊण भागावर.

साहेबांनी काट्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इंजिन बंद झालंय ना?"

"हो साहेब."

"मग काट्याला कळवलं नाही का?"

इथे गप्प बसायचं असतं. मी म्हणालो, "जुनं इंजिन हाय साहेब. प्रेशर धरून ठेवतं."

त्यांनी वाकून सीटखाली पाहिलं. बल्ब बिचारा मिणमिणत होता. साहेब चिडले नाहीत, ते जास्त वाईट. वहीत लिहीत म्हणाले, "आठ दिवसांनी येतो. तोवर एकही माणूस चढवायचा नाही."

शेवटी लाज गुंडाळून तलवाड्याला मेहुण्याला फोन केला. तो ट्रॅक्टरचा मिस्त्री. आला, इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि बॅटरीची वायर आवळलेला बोल्ट नखाने खरवडत म्हणाला, "दाजी, हे काय हो?"

"रंग. खंडेनवमीला पूजा करतो ना."

"दरसाल?"

"दरसाल. हिरवा ऑइलपेंट."

"लई भक्ती. बोल्टावर चपातीएवढा थर हाय. वरून आट्यात ही टेप. करंट जाईल कुठून? आन् वायर निगेटिव्हला लावली की काटा उठला, तरी तुमच्या ध्यानात न्हाई आलं?"

मी त्याला पान्हा काढून दिला.

त्याने रंग खरवडून लोखंड उघडं केलं. टेप सोलून काढली, तांब्याचा वायसर घालून सेन्सर आवळला. मी दांडा मारला. काटा उठला, आपणहून, एकदम वर! मी होडीत नाचलो. होडी डोलली, मेहुणा पडता पडता वाचला.

"थांबा बे!" तो ओरडला. दाजीला बे म्हणाला, हे त्याच्याही लक्षात आलं नाही. तो काट्याकडे पाहत होता.

इंजिन तापू लागलं तसा काटा उतरत होता. अर्ध्यावर आला. मग पाव. अर्ध्या तासाने इंजिन मंद केलं, तर तो शून्याच्या अंगावर जाऊन टेकला.

"सेन्सर खराब असंल," मी म्हणालो. पंधरा दिवस ज्याला शिव्या घातल्या, तोच खराब निघावा म्हणून आता त्याच्याच गळ्यात पडलो.

त्याने स्वतःचं मीटर लावलं. तेच. मग खालचं चेंबर उघडून एक बेअरिंग काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. वरचा पांढरा थर झिजून आतलं तांबं दिसत होतं. तापून पातळ झालेलं तेल त्या झिजेच्या फटीतून निसटत होतं, म्हणून प्रेशर पडत होतं. कित्येक वर्षं मी ह्याच इंजिनावर हात ठेवून "प्रेशर मस्त" म्हणत आलो होतो.

"किती चालंल?" मी विचारलं.

"महिनाभर चालंल. न्हाईतर उद्या मधल्या पाण्यात जाम व्हईल. ह्याचं बेअरिंग आपल्याकडं मिळत न्हाई. मिळालं तरी क्रँक तासावी लागंल." मग तो घुटमळला. "पास व्हायचंच असंल तर जाड तेल ओता. सकाळच्या गारव्यात, इंजिन थंड असताना साहेबाला फिरवा. काटा पडायच्या आत काठाला या."

त्याने बेअरिंग परत बसवलं आणि तो गेला. मी जाड तेलाचा डबा आणला. खोटं कशाला बोलू? बूचही उघडलं.

तेवढ्यात काठावरून हाक आली. पलीकडच्या धनगरवस्तीवरची मावशी, जी रोज दुधाच्या किटल्या घेऊन माझ्या लाँचने यायची. आठवडाभर ती रस्त्याने फेरा मारत होती.

"आरं, कवा चालू करतूस? सुनंचे दिवस भरत आलेत. खड्ड्याच्या रस्त्यानं जीपमधी कुठं आदळत नेऊ तिला? तुज्या होडीतनंच आणावं म्हणते."

डबा माझ्या हातात होता. मधलं पाणी इथून नीट दिसतं. वारा सुटला होता.

"मावशी, न्हाई चालायची," मी म्हणालो. "सुनेला जीपनंच न्या. थांबू नका, आजच दवाखान्याजवळ नेऊन ठेवा."

"आन् होडी?"

"इंजिन गेलंय. साहेबांनाबी तसंच सांगणार हाय."

"गेलंय? मगा तर धडधडत हुतं!"

मी तिला काटा दाखवला, बेअरिंगचं सांगितलं, तापल्यावर काय होतं तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि किटल्या उचलल्या.

"एवढी वर्सं काटा न्हवता तर चालत हुती की," ती म्हणाली. "काटा बसवलास आन् बंद पाडलीस. कशापायी बसवलास, बाबा?"

मी डब्याचं बूच लावलं. ती बांधावरून लांबच्या रस्त्याला लागली, किटल्या एकमेकींवर आपटत.