दाजींसाठी उठणं

माझ्या आत्याचे यजमान सत्तरी ओलांडून गेले, दात पडले, तरी आमच्या घरी ते जावईच आहेत. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान आकाशात तरी राहतात. हे एसटीनं मैंदर्गीहून सोलापुरात येतात आणि आमच्या उंबऱ्यात उभे राहतात. घरातला कर्ता पुरुष उठून सामोरा आल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत. माझे वडील, अण्णा, त्यांना दाजी म्हणतात आणि जन्मभर त्यांच्यासाठी उठत आलेत. बहीण दिली म्हणजे कणाही देऊन टाकायचा असतो, असा अण्णांचा समज.

अण्णांची बायपास झाली तेव्हा मला वाटलं, आता तरी हे सोंग थांबेल. पलंगावरून उठलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी बीपी आधी झोपवून मोजलं, मग उभं करून. उभं राहताच ते झपकन खाली आलं. "एकदम उठायचं नाही. आधी कडेला बसा, पाय हलवा, बरं वाटलं तरच उभे राहा," असं अण्णांना सांगून त्यांनी मला बाजूला घेतलं. रक्त पातळ करायची गोळी चालू होती. पडून डोक्याला लागलं, तर जिवावर बेतणार होतं.

घरी आणल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत होते. ऐकतंय कोण! कुणी मिठाचं पाणी सुचवलं, कुणी दृष्ट काढली, शेंगाचटणीचे पुडे तर दुकान टाकण्याइतके जमले. पण निदान अण्णा पडल्या पडल्या बोलले, तर त्यांच्यापैकी कुणाचा मान जात नव्हता.

दाजी एका दुपारी आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, "काय मेव्हणं, आता आमच्यासाठी उठायचं बी होईना व्हय?"

"त्यांना डॉक्टरांनी मनाई केलीय. तुम्ही आत या की," मी म्हणाले.

"आमी बी बीपीच्या गोळ्या खातो. उठतो का न्हाय?"

आणि अण्णा उठले. कडेला बसणं नाही, पाय हलवणं नाही. हात जोडून पुढे आले आणि कपाटाच्या कोपऱ्यावर कोसळले. रक्त थांबता थांबेना. रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी टॉवेल दाबून धरला होता, आणि पुढे दाजी रिक्षावाल्याला सांगत होते, "आमी होतो म्हणून बरं. न्हायतर ह्या एकटीनं काय केलं असतं?" मला त्या माणसाची किळस आली. अजून येते.

टाके पडले. डोक्याच्या आत रक्तस्राव नव्हता, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी दाजी वॉर्डात आले आणि दाराशीच थांबले. तिथंही! अण्णांनी डोक्याच्या पट्टीसकट पलंगाचा कठडा धरला. मी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे दाबून धरले. "पडून राहा!" मी ओरडले. अशा आवाजात मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत त्यांनी हात जोडले.

"दाजी, माफ करा. आज उठवत नाही."

दाजींनी क्षणभर विचार केला आणि मोठ्या मनानं माफ केलं.