ओट्यावरचं नाव

रखमाबाई, हे नाव मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. इतकी वर्षं तुझं नौपाड्यातलं गिऱ्हाईक म्हणून मी तुला आवडाबाई म्हणत आले. तुझी सून शेवंती हे तुला वाचून दाखवील, तेव्हा तिला म्हणावं, भरभर वाच.

वाचणाऱ्यांसाठी आधी सांगून टाकते. तू कोलशेतच्या कोळीवाड्यातली, गुणाजीची बायको. ठाण्याच्या बाजारात तुमचा मासळीचा ओटा. त्यावर तुझी सासू बसायची, तिच्याआधी तिची सासू. खरी आवडाबाई ती. पण ती गेल्यावर ओट्यावर जी सून बसली तिलाही गिऱ्हाइकं आवडाबाईच म्हणू लागली आणि तिने ओ दिली. ओटा मिळाला की नाव मिळालं. तुमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. मलाही वाटलं नाही, सरकारी कचेरीत जाईपर्यंत.

नौपाड्यातल्या निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेत आणि त्यांच्या आयांच्या बॅगांत तुझे सोडे, सोलून सुकवलेली कोलंबी. सत्त्याण्णव साली कॉम्प्युटर क्लासवाल्या भगवानने तुला सांगितलं, "मावशी, इंटरनेटवर पान करू. तिकडून लोक थेट मागवतील. फक्त आधी नाव घ्यावं लागेल, आवडाबाई डॉट को डॉट इन." तू मला विचारलंस, "ताय, नाव तर हाय माजा. परत कनाला घेवाचा?" मी हसले. अर्ज भरला. सही कर म्हटलं, तू केलीस, ठसठशीत अक्षरात: आवडाबाई.

अर्ज परत आला. का, ते विचारायला आपण दोघी मुंबईला, इंटरनेटची नावं देणाऱ्या त्या सरकारी कचेरीत गेलो. साहेब तरुण होता, वागायला सभ्य होता. म्हणून तर जास्त चीड आली. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं.

"आवडाबाई कोण?"

"मी," तू म्हणालीस.

"रेशनकार्डावर रखमाबाई आहे."

"ती घरान. ओट्याव आवडाबाय."

"म्हणजे तुम्ही दोघी आहात?"

"साहेब, हापिसान तुला सगली साहेब बोलतान. घरान बायको साहेब बोलते काय?"

मागचा शिपाई खुदकन हसला. साहेब हसला नाही. म्हणाला, अर्जावर दुसऱ्याच्या नावाने सही केलेली आहे, हरकत घेणाऱ्यांनी हेच दाखवून दिलंय. हरकत घेणारा कोण? डोंबिवलीचा हरिहर. हाच हरिहर तुझ्याकडून गोणीने सुकट न्यायचा आणि घरोघर "आवडाबाईकडची आहे" सांगून विकायचा. आता त्याची आवडाबाई फूड्स नावाची कंपनी नोंदलेली होती, अर्ज आपल्या आधीचा होता आणि ते नाव त्याला देऊनही झालं होतं.

"त्याने नाव आणलं कुठून, ते नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"ते बघणं आमचं काम नाही. वाद असेल तर कोर्टात जा."

"मग तुमचं काम काय?"

"नाव देणं."

"आणि चुकीच्या माणसाला दिलंत तर?"

"बाई, कागद बरोबर असले की माणूस चुकीचा नसतो."

मी खुर्ची मागे सारून उठलेच. तू माझा हात धरून मला बसवलंस आणि साहेबाला विचारलंस, "मंग मी काय करू, ता तरी सांग." त्याने सांगितलं. राजपत्रात नाव बदलून घ्या, रखमाबाईचं आवडाबाई करा. गुणाजीच्या नावावरचा ओट्याचा परवाना त्या नावावर आणा. मग हरिहरच्या नावाला हरकत घ्या, विचार करता येईल.

बाहेर पडल्यावर तू परत आलेला अर्ज घडी घालून पिशवीत ठेवलास. मग म्हणालीस, "कागदाव मी आवडाबाय झाली, म्हंजे मरताना नाव माज्याबरोबर जाल. शेवंतीनी काय करायचा?"

"तीही नाव बदलून घेईल."

"आन तिची सून?"

"तीही."

"सगली जिंदगी हापिसानच काराची काय आमी?"

मी चिडले. म्हटलं, तोवर तो हरिहर तुझ्या नावावर वाळू विकेल. झालंही तसंच. न्यू जर्सीहून कुणाच्या तरी लेकीने हरिहरच्या पानावरून सोडे मागवले. ते कचकचले म्हणून तिच्या आईने येऊन भर बाजारात तुला झापलं. "आवडाबाई, नाव घालवलंस गं!" तू एवढंच म्हणालीस, "माजं नाय ते." तिला काय कळणार? बाजारातून घरी येईपर्यंत मी त्या कचेरीला, हरिहरला आणि तुलाही शिव्या घालत होते.

त्याच संध्याकाळी नौपाड्यातल्या नोटरीला गाठून मी प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. मी, रखमाबाई गुणाजी, यापुढे आवडाबाई. तू फक्त यायचं आणि त्यांच्यासमोर सही करायची. "नारली पुनव होव दे," म्हणालीस. पुनव झाली. मग तुझे गुडघे धरले. मग गणपती. मी दर बाजाराला टोचत राहिले, तू दर वेळी "येतू गो" म्हणत राहिलीस.

परवा रिक्षा उभी करूनच आले. ओट्यावर तुझ्या जागी शेवंती बसली होती. तू मागे खोक्यावर बसून कोलंबी सोलत होतीस. मी लांबूनच ओरडले, "आवडाबाई, ऊठ, आज सोडणार नाही तुला!"

तुझी मान वर झाली नाही. शेवंतीची झाली. "काय गो ताय?" ती म्हणाली आणि तू सोलत राहिलीस.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला मी परत पाठवलं. हरिहरचं पान चालूच आहे. काल रस्त्यात नोटरींनी विचारलं, "त्या बाई सहीला येणार होत्या ना?" घेऊन येते म्हटलं. कुणाला घेऊन येऊ, रखमाबाई, ते तूच सांग.