लिंबाखालची खुर्ची

चिखलीच्या वर्कशॉपमधून मी रोज चाकणच्या एका कंपनीत माल पोचवतो. तिथं गेटसमोर लिंबाखाली एक माणूस खुर्ची टाकून पेपर वाचत बसतो. आत जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोचा नंबर तो पेपराआडून बघतो. कामगार नाही, वॉचमन नाही. मला तो पहिल्यापासून खटकतो.

परवा पेपरात बड्या देशांच्या प्रभावक्षेत्राची बातमी होती. मी मुद्दाम विचारलं, "दादा, प्रभावक्षेत्र म्हणजे काय हो?"

"सोपं हाय, भाऊ. कंपनी माझी न्हाई. पण हितलं भंगार कुणी उचलायचं, ते आधी मला इचारत्यात."

मी हसून वळलो. लिंबाखाली दोन टेम्पो मावतील एवढी सावली मोकळी होती, आणि माझी गाडी वर्षभर उन्हात उभी राहतेय. सावलीत लावू नको, असं त्यानं कधीच सांगितलेलं नाही.