सोनालीला हात लागला, ते मी बघितलं व्हतं

मंडळी, लांबड लावत न्हाई. आज आमच्या भरे गावात पोरींच्या कबड्डीची फायनल झाली, नांद्याच्या पोरींसंगं. लायनीवरचा पंच मी व्हतो.

शेवटची चढाई, गुण सारखेच. नांद्याची पोर आली, आमच्या सोनालीच्या कोपराला बोट लावून माघारी गेली. मोठ्या पंचाला दिसलं न्हाई. मला दिसलं. गाव आपलं, म्हनून गप बसलो.

सोनालीनं सोताच हात वर केला. "पंच, मला लागलंय," म्हनली आन् बाहीर गेली. एका गुणानं आमी हारलो.

लोकं तिच्यावर तुटून पडली. "हरिश्चंद्राची नात लागून गेलीय," म्हनं. मी तवाबी गप.

निघताना पोरगी माझ्यापाशी आली. "आण्णा, तुमी पल्याडच्या अंगाला व्हता, तुमाला कसं दिसनार?"

मी म्हनलं, "व्हय बाय."

पोरीला शिव्या घातल्या त्यांनी आता मला घाला. तिच्या घरी सांगायला निघालोय. आधी हितं लिवलं, म्हंजे वाटंतनं माघारी फिरता येनार न्हाई.