हिस्टेरिया आणि मांडवच्या वाटेवरची सायकल

"हिला हिस्टेरिया झाला आहे," डॉक्टर सासूबाईंना म्हणाले. मी समोरच बसले होते. हिस्टेरिया म्हणजे बायकांच्या मज्जातंतूंचा बिघाड, असा अर्थही त्यांनी सांगितला, तोही सासूबाईंनाच.

वडीलधाऱ्यांदेखत सुनेने तोंड उघडायचे नाही, म्हणून माझी लक्षणे सासूबाईंनीच सांगितली. छाती धडधडते, जेवत नाही, एकटीच बसते. दसऱ्याला माझी तान्ही गोदू गेली, एवढे मात्र त्यांनी सांगितले नाही. त्याचा राग मला आजही आहे.

उपचार ठरला: ब्रोमाइड, म्हणजे मज्जातंतूंना गुंगी आणणारे औषध, आणि अंथरूण. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. होळीपर्यंत गुण आला नाही तर हिला वाईला माहेरी पोचवू आणि दुसरी सून बघू, असे सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. बिघाड मज्जातंतूंचा होता, कान शाबूत होते.

आमचे हे धार दरबारचे शाळा-तपासनीस. दौऱ्यासाठी ह्यांनी सायकल घेतली होती. एके दिवशी उजाडताच मी ती मागच्या दाराने बाहेर काढली. मडमांना म्हणे सायकलीसाठी वेगळा पोशाख शिवावा लागतो. आमचा काष्टा कशाला आहे? दोनदा आपटले, कोपर फुटले, आणि कित्येक महिन्यांनी हसू आले.

मग रोजच जाऊ लागले. मांडवच्या, म्हणजे मांडवगडाच्या, वाटेवर गाव संपले की रान लागते. चढ आला की सायकल सागाला टेकवायची आणि चालत सुटायचे. घरात गोदूचे नाव काढायची बंदी होती. रानात मी ते मोठ्याने घेतले, पोटभर रडले. छाती तिथेही धडधडे, पण चढामुळे. भीतीने नव्हे.

मोळी घेऊन येणारी एक बाई सायकलीकडे बघत थांबून म्हणाली, "बई, थारो घोड़ो चारो नी खाय?"

"त्याच्या वाटचा चारा मी खाते," मी म्हटले. खरोखरच भूक लागली होती.

गावात बोभाटा व्हायला कितीसा वेळ! "अब्रू वेशीला टांगलीस," सासूबाई कडाडल्या. मला वाईला धाडायला महूच्या स्टेशनासाठी टांगा आला. माझी पेटी ओटीवर आणली गेली. हे पगडी सारखी करत उभे राहिले, म्हणजे कोणाच्याच बाजूने नाही.

तेव्हा मी प्रथमच तोंड उघडले. "सासूबाई, माझी मुलगी गेली आहे. मी वेडी झालेली नाही. टाकूनच द्यायचं असेल तर नुसती पेटी वाईला पाठवा. मी रानात जाते आणि जेवायला परत येते."

भर दिवसा, सगळ्या गल्लीदेखत सायकलीवर बसले.

बायांनो, अशा बंद खोलीत कोणी निजली असेल तर तिने आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगावे. माझे दुःख काही रानात राहिले नाही. ते मला उचलता येऊ लागले, एवढेच.

दुपारी परतले तेव्हा टांगा गेला होता. सासूबाईंनी पान वाढले. मी तिसरी पोळी मागितली, तीही त्यांनी वाढली. पेटी ओटीवरच होती. आचवले, पदर खोचला आणि एकटीने उचलून ती आत नेली.